ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी एवढं बघा, आणि घ्यायचीच झाली तर अशी निवडा

सप्टेंबर लागला की माझा फोन पहाटे सहापासून वाजायला लागतो. आपला सोलापूर जिल्हा रब्बीचा. पाऊस उघडला, दोन-चार दिवस ऊन तापलं, रानाला वाफसा आला की ज्वारी पेरायला मोजके दिवस हातात असतात. आणि नेमका त्याच सकाळी, दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर टक्क करून गप्प बसतो. पलीकडून आवाज येतो, "मालक, सेल्फ घेईना बघा. येताना नवी बॅटरीच घेऊन या."

मी ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो आणि बॅटऱ्या विकतोही. नवी नेऊन बसवली तर माझे चार पैसे सुटतात. तरी फोनवर पहिलं हेच सांगतो की पैसे खिशात राहू द्या, आधी बघू. बॅटरी वय होऊन मरते, तशी ती मारलीही जाते. मारणारं कारण ट्रॅक्टरवर तसंच राहिलं तर नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाते आणि मालकाला सहा-आठ हजारांचा खड्डा पुन्हा पडतो. म्हणून खाली सगळं स्वस्तातून महागाकडे मांडलंय. सुरुवातीच्या कामांना घरातला पाना, गरम पाणी आणि अर्धा तास एवढंच लागतं.

लक्षणं: ट्रॅक्टर काय म्हणतोय ते ऐका

चावी फिरवल्यावर नुसतं "टक-टक-टक-टक" असं भराभर वाजत असेल आणि दिवे मंदावत असतील तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय पण त्याला धरून ठेवायला ताकद मिळत नाही. बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच मोठ्यानं "टक्क" होऊन पुढं काहीच नाही, आणि दिवे मात्र चांगले लख्ख, तर संशय सेल्फकडे (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) किंवा जाड केबलकडे घ्या. घर्र... घर्र... करत इंजिन दमल्यासारखं फिरत असेल तर बॅटरी, केबल, अर्थ (बॅटरीच्या मायनसची ट्रॅक्टरच्या अंगाशी जोडणी) यांतलं काहीही असू शकतं. दिवे लागतात पण साधी टकही नाही, तर बऱ्याचदा क्लच दाबल्यावर किंवा न्यूट्रलला लागणारा सेफ्टी स्विच बिघडलेला असतो आणि बॅटरीचा त्यात काडीचा संबंध नसतो. दिवेच लागत नसतील तर टर्मिनल नाहीतर मेन फ्यूज.

दुसऱ्या टोकाची लक्षणंही असतात. दर पंधरा दिवसांनी पाणी कमी होतंय, बॅटरीचं डोकं ओलसर राहतंय, आंबूस उग्र वास येतोय, हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडतायत. तिथं बॅटरी उतरत नसून गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन उकळतेय. याला लोक लक्षणच मानत नाहीत, "पाणी पितेय जरा जास्त" म्हणून सोडून देतात.

आता सगळ्यात कामाचा प्रश्न. मी तो प्रत्येकाला विचारतो आणि उत्तरावरून निम्मा आजार कळतो: पूर्ण चार्ज केल्यावर किती दिवसांत उतरते?

एका रात्रीत उतरत असेल तर एखादा सेल (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एक) गेलेला आहे, किंवा मोठी गळती आहे, म्हणजे चावी बंद असतानाही कुठूनतरी करंट जातोय. आठ-दहा दिवसांत उतरत असेल तर बारीक गळती आहे. रोज काम करूनही हळूहळू कमकुवत होत जात असेल तर चार्जिंगकडे बघा. आणि ट्रॅक्टर दीड-दोन महिने हललाच नसेल आणि मग उतरली असेल, तर बिघाड शोधत बसू नका. लेड-अॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरते आणि उष्णतेत हे काम वेगानं होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही आतली झीज साधारण दुप्पट होते असं धरून चालतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बॉनेटखाली त्याहून जास्त. तिथं दोन महिने उपाशी ठेवलेली बॅटरी उतरली तर दोष तिचा नाही.

उतरलेल्या अवस्थेत ती जितके दिवस राहते तितके आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. सुरुवातीला चार्जिंगनं ते विरघळतात, नंतर विरघळत नाहीत. "बॅटरी बसली" म्हणतात ती हीच. म्हणून उतरलेली बॅटरी "पेरणीच्या वेळी बघू" म्हणून ठेवू नका, त्याच आठवड्यात चार्ज करा.

हात लावण्याआधी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीनं पेटतो. बिडी, काडेपेटी लांब. डोळ्यांवर चष्मा, साधा का होईना. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पाना आणि कडं मिळून दोन टर्मिनल जुळली तर कातडीसकट भाजतं. जवळ पाण्याची बादली असू द्या, अॅसिड उडालं तर ताबडतोब भरपूर पाण्यानं धुवायला.

खोलताना आधी मायनस, लावताना मायनस सगळ्यात शेवटी. याचं कारण साधं आहे. ट्रॅक्टरचं सगळं अंग मायनसला जोडलेलं असतं. मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना बॉनेटला टेकला की थेट शॉर्ट. मायनस आधी काढला तर पाना कुठंही टेकू दे, काही होत नाही.

टर्मिनल आणि पाणी

टर्मिनल हातानं हलवून बघा. हाताच्या जोरानं फिरत असेल तर सैल आहे, मग ते वरून कितीही घट्ट दिसो. पांढरा-हिरवट भुगा साचला असेल तर त्यावर खाण्याचा सोडा टाकून गरम पाणी ओता. फसफसून निघून जातो. बुचं घट्ट बसलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. मग क्लॅम्प काढून आतून आणि खांब बाहेरून पॉलिश पेपरनं घासा, शिसं चकचकीत दिसेपर्यंत. बरेच जण वरून पुसतात आणि आतली काळी पातळ कड तशीच ठेवतात. सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर लागतात, आणि ते सगळे त्या काळ्या थरातून जायचे असतात. दिव्याला दोन-चार अँपिअर पुरतात म्हणून दिवा लागतो आणि सेल्फ लागत नाही. क्लॅम्प घट्ट केल्यावर मग पेट्रोलियम जेली लावा. आधी ग्रीस फासून वर क्लॅम्प ठोकणं चूक.

बॅटरीचा पट्टाही बघा, म्हणजे तिला जागेवर दाबून धरणारी पट्टी. ट्रॅक्टरवर ती नसेल तर बांधावरच्या प्रत्येक धक्क्याला बॅटरी उड्या मारते आणि आतल्या प्लेटांचा माल खाली गळून तळाशी साचतो. नव्या बॅटरीसोबत दोन नटांची ही पट्टी बसवायला कंटाळा करणारे मी खूप पाहिले. सायकलच्या ट्यूबनं बांधलेली बॅटरी बांधलेली नसते.

बुचं असलेली बॅटरी असेल तर पाणी प्लेटांच्या वर साधारण एक सेंटिमीटर हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल वॉटर. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला आतून पांढरे थर चढतात ते रोज दिसतंच. तेच क्षार बॅटरीत गेले तर प्लेटांची वाट लागते. आरओचं पाणी, एसीचं पाणी, पावसाचं पाणी, यांतलं काहीही नको. आणि अॅसिड तर मुळीच घालू नका. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. बॅटरी कलंडून सांडली असेल तरच अॅसिडचा प्रश्न येतो आणि ते काम दुकानात.

प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच पाणी घाला, चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पाणी फुगून बाहेर येतं, सोबत अॅसिड घेऊन.

फॅन बेल्ट आणि तो लाल दिवा

इंजिन बंद करून बेल्टच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. अर्ध्या इंचाच्या आसपास दबला पाहिजे. जास्त दबत असेल किंवा बेल्टची आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल तर तो घसरतो, आणि लोक ज्याला डायनामो म्हणतात तो अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही.

चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का, हेही बघा. लागतच नसेल तर "बरं झालं, दिवा नाही म्हणजे बिघाड नाही" असं समजू नका. कितीतरी ट्रॅक्टरांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागाच होत नाही. असा पाच-दहा रुपयांच्या बल्बापायी बदललेला अल्टरनेटर मी पाहिलाय.

मीटर घ्या

तीनशे-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर ट्रॅक्टरवाल्याच्या घरात असावाच. त्यावर तीन आकडे घ्यायचे.

पहिला, ट्रॅक्टर रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता. बॅटरीच्या दोन खांबांवर १२.६ किंवा वर असेल तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव, ११.८ म्हणजे रिकामी. म्हणजे "बारा व्होल्ट दाखवतंय, बॅटरी चांगली आहे" हे आपण रोज ऐकतो ते सपशेल चूक. आणि नीट चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर सहा सेलांपैकी एक गेला. एका सेलचे दोन-सव्वादोन व्होल्ट कमी झाले. त्या बॅटरीवर आणखी पैसा घालू नका.

दुसरा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून. इंजिन फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली बॅटरी सात-आठवर कोसळत असेल तर ती आतून कमकुवत आहे.

तिसरा, इंजिन चालू करून हजार-बाराशे आरपीएमला. १३.८ ते १४.४ पाहिजे. साडेतेराच्या खाली म्हणजे चार्जिंग कमी. १४.८ च्या वर जातंय म्हणजे रेग्युलेटर, जुन्या भाषेत कटआउट, काम करत नाही.

हा तिसरा आकडा न घेतल्याची चूक मी स्वतः केली आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत वळसंगकडच्या एका दादांना मी नवी बॅटरी दिली, बसवली, सेल्फ लगेच घेतला, दोघंही खूश. सात महिन्यांनी ती फुगलेली, कोरडी पडलेली परत आली. तेव्हा मीटर लावला तर इंजिन चालू असताना १५.६. रेग्युलेटर गेलेला होता, जुनी बॅटरीही त्यानंच उकळून मारली होती, आणि मी तिच्या जागी दुसरी ठेवून तिचाही तोच शेवट केला होता. दुसऱ्या बॅटरीचे निम्मे पैसे मी दिले. त्या दिवसापासून चार्जिंग मोजल्याशिवाय एकही बॅटरी माझ्या हातून बसलेली नाही.

केबल आणि अर्थ: इथं सगळे चुकतात

मंद्रूपकडच्या एका काकांनी दोन वर्षांत तीन बॅटऱ्या घेतल्या होत्या. माझ्याकडे आले तेव्हा वैतागून म्हणाले, "आता कंपनीच बदलायची बघा." मी त्यांच्या वस्तीवर गेलो. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर मीटर ११ च्या वर दाखवत होता, म्हणजे बॅटरीला काहीच झालेलं नव्हतं. पण सेल्फच्या जाड बोल्टवर आणि बॉडीवर मोजलं तर नऊ.

दोन व्होल्ट वाटेत कुठं गेले ते शोधायची रीत अशी. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारायचा. अर्थ चांगला असेल तर इथं जवळजवळ काहीच दिसत नाही, फार तर ०.२-०.३ व्होल्ट. काकांच्या ट्रॅक्टरवर १.९ दिसले. मग एक सुई प्लस खांबावर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर. तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

मी अर्थ पट्टीचा बोल्ट खोलला. पोळ्याच्या आधी ट्रॅक्टरला हौसेनं नवा रंग दिला होता आणि पट्टीचं थिंबल (टोकाची धातूची गोल कडी) त्या जाड निळ्या रंगावरच आवळलं होतं. थिंबलखाली रंगाचा गोल तसाच्या तसा होता, फक्त एका कडेला नखाएवढं लोखंड उघडं झालं होतं, आणि ते भाजून काळं पडलं होतं. इतका मोठा करंट त्या नखाएवढ्या जागेतून जायला बघत होता. पॉलिश पेपरनं रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी जागा चकचकीत केली, थिंबल घासलं, आवळलं. पहिल्या फेरीत इंजिन चालू.

नवी बॅटरी आणल्यावर काही महिने ठीक का चालायचं? ताज्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीत तेवढा जोर असतो, ती त्या अडथळ्यातूनही रेटते. थोडी उतरली की जमत नाही, आणि दोष तिच्या माथी. काकांची आधीची एक बॅटरी गोठ्यात पडून होती. ती नेऊन सावकाश चार्ज केली, लोड देऊन तपासली. चांगली निघाली, वर्षभर त्यांच्या धाकट्या भावाच्या ट्रॅक्टरवर चालली. ती आधी कोणी मोजलीच नव्हती.

गळती शोधणं

चावी बंद. बॅटरीचा मायनस काढा आणि मीटर अँपिअरवर ठेवून केबल आणि खांब यांच्यामध्ये लावा. साध्या ट्रॅक्टरवर आकडा शून्याला लागून असायला हवा. ०.२ अँपिअर दिसला तर किरकोळ वाटतो, पण हिशोब करा: २४ तासांत ४.८ एएच (अँपिअर-तास, बॅटरीतल्या साठ्याचं माप), म्हणजे ७५ एएचची बॅटरी आठ दिवसांत निम्मी. वर सांगितलेलं "आठ-दहा दिवसांत उतरते" ते हे. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज उडतो, स्वस्तातला मीटर असेल तर मीटरच जातो.

गळती दिसली की एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडतो ती वायर दोषी. कुठलाच फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, पण ती सोडवण्याआधी मीटर बाजूला करून बॅटरी पूर्ण वेगळी करा. एक सोपी खूण सांगतो. ट्रॅक्टर रात्रभर बंद असताना सकाळी अल्टरनेटरला हात लावा. थंड लोखंडाच्या शेजारी तोच कोमट लागत असेल तर त्याचा डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) गळतोय.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांना इथं हात जोडून एक सांगणं आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्याला रांगेत पाच-सहा तास जातात, इंजिन बंद आणि टेप चालू. मोठा अँप्लिफायर दहा अँपिअर खात असेल तर सहा तासांत ६० एएच. ७५ एएचच्या बॅटरीत मग काय उरलं? याउलट एका सेल्फला ३०० अँपिअर पाच सेकंद धरले तरी अर्धा एएचसुद्धा होत नाही. सेल्फनं बॅटरी रिकामी होत नाही, टेपनं होते. गाणी ऐका, रात्रीची सोबत असते ती, पण टेपला वेगळी बॅटरी ठेवा किंवा तासाभरानं इंजिन चालू करा.

पूर्ण चार्ज करून शेवटचा निकाल

एवढं सगळं ठीक निघालं तर मग बॅटरीवर निकाल द्यायचा. चार्जर एएचच्या दहाव्या हिश्शाला लावा. ७५ एएचला सात-आठ अँपिअर, बारा तास तरी. उतरलेल्या बॅटरीवर जंपर देऊन (दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून) ट्रॅक्टर चालू केला आणि तासभर नांगरलं म्हणजे ती भरली असं होत नाही. मोठ्या करंटनं घाईत केलेलं चार्जिंग वरवरचं असतं आणि प्लेटा वाकवतं.

चार्ज झाल्यावर चार-पाच तास थांबून हायड्रोमीटरनं (अॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीनं) सहाही सेल बघा. भरलेल्या बॅटरीत आकडा १२५० ते १२८० च्या दरम्यान येतो. काटा तापमानाप्रमाणे हलतो; २७ अंशांच्या वर दर १० अंशांना सातेक पॉइंट मिळवायचे, म्हणजे एप्रिलच्या दुपारी १२४० दिसले तर घाबरू नका. आकड्यापेक्षा सेलांमधला फरक महत्त्वाचा. पाच सेल १२५० आणि एक ११८० असेल तर ती बॅटरी संपली. पन्नास पॉइंटांच्या वर फरक गेला की मी पुढं प्रयत्न करत नाही. सीलबंद बॅटरीवर हायड्रोमीटर चालत नाही. ती दुकानात नेऊन लोड टेस्ट करून घ्या.

इथं थांबा, माणूस बोलवा

बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल, किंवा चार्जिंगला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर चार्जर भिंतीच्या बटणावरून बंद करा, बॅटरीजवळची चिमटी ओढू नका, शेड उघडं करा आणि लांब व्हा. चार्जिंग १४.८ च्या वर जात असेल, अल्टरनेटर कोमट लागत असेल, सेल्फची जाड वायर वितळलेली असेल, तर ती खोलाखोल ऑटो-इलेक्ट्रिशियनची. इंजिनला ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) असलेले नवे ट्रॅक्टर असतील तर मीटरनं व्होल्ट मोजण्यापलीकडे स्वतः जाऊ नका. आणि कुठल्याही ट्रॅक्टरवर "चार्जिंग बघायला" म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नका. व्होल्टेज उसळतं आणि डायोडपासून ईसीयूपर्यंत काहीही जळतं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. सेल्फच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करणं. असं केल्यानं क्लचचा आणि न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चालू होताच पुढं येतो, आणि स्क्रू ड्रायव्हर धरलेला माणूस मोठ्या चाकाच्या पुढंच उभा असतो. यात माणसं गेली आहेत. पेरणी दोन दिवस पुढं गेली तर जाऊ द्या. उतारावर लावून ढकलस्टार्ट करायची सवयही सोडा. पोरं मागं-पुढं खेळत असतात आणि हँडब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही.

नवी घ्यायचीच झाली तर

पहिलं पुस्तक बघा, ट्रॅक्टरचं. पस्तीस ते पन्नास एचपीच्या ट्रॅक्टरांना साधारण ७५ ते १०० एएच लागते, पण तुमच्या मॉडेलला किती ते पुस्तकात आणि जुन्या बॅटरीच्या लेबलवर असतं. त्यापेक्षा कमी घेऊ नका. थोडी जास्त, ट्रेमध्ये नीट बसत असेल तर चालते. पण "मोठी घातली की उतरणार नाही" हा भ्रम आहे. गळती किंवा कमी चार्जिंग असेल तर मोठी बॅटरी फक्त दोन दिवस उशिरा उतरते.

जुन्या बॅटरीचा फोटो काढून न्या. प्लस डावीकडे की उजवीकडे, हे दुकानात आठवत नाही. उलट्या बाजूची घेतली की केबल ताणावी लागते, ताणलेली केबल बॉनेटच्या कडेला घासते, आणि पुढं आग. लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजा; उंच बॅटरीचा खांब बॉनेटला टेकायला नको.

लेबलवर एएचशेजारी सीसीए दिलेला असेल तर तोही बघा. एएच म्हणजे टाकी केवढी, सीसीए म्हणजे एका दमात किती जोर. सेल्फला जोर लागतो. म्हणूनच घरातली इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर ट्रॅक्टरवर ठेवू नका. तिच्या प्लेटा जाड, हळूहळू तासन् तास देण्यासाठी बनवलेल्या. एकदम तीनशे अँपिअर मागितले तर ती दमते, आणि ट्रॅक्टरचे धक्केही तिला सोसत नाहीत. तीच गोष्ट उलटी: ट्रॅक्टरची बॅटरी घरी इन्व्हर्टरला लावली तर थोड्याच महिन्यांत जाते.

बुचांची घ्यावी की सीलबंद? सीलबंद कॅल्शियमच्या बॅटऱ्या उभ्या उभ्या कमी उतरतात, हा मोठा फायदा, कारण आपले ट्रॅक्टर वर्षातले कित्येक महिने उभेच असतात. पण आपल्या उन्हात पाणी उडतंच आणि सीलबंदमध्ये ते घालता येत नाही. माझं मत विचाराल तर शेतीच्या ट्रॅक्टरला कमी पाणी लागणारी पण बुचं उघडता येणारी घ्या, आणि ट्रॅक्टरसाठी म्हणून बनवलेली. त्यात धक्क्यांसाठी प्लेटा पक्क्या बसवलेल्या असतात. दर महिन्याला पाणी बघायला कोणाला सवडच नसेल तर सीलबंद बरी, पण मग चार्जिंग १४.४ च्या वर जात नाही याची खात्री करूनच.

दुकानात बनावटीचा महिना बघा, बॅटरीवर ठसा असतो. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांहून जुनी आणि मध्ये चार्ज न केलेली नको. काउंटरवरच मीटर लावायला सांगा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी काढायला सांगा, यात संकोच कसला. "रिकंडिशन" केलेली निम्म्या किमतीत मिळते, ती घेऊ नका. पेरणीच्या तोंडावर तीच दगा देते. वॉरंटी कार्डावर फुकट बदलून मिळायचा काळ आणि त्यापुढचा प्रोरेटाचा (वापरलेल्या काळाचे पैसे कापून बदलून मिळण्याचा) काळ वेगळा असतो, तो वाचा, आणि तारीख-शिक्का समोर मारून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्यानं अंगणात फोडून अॅसिड मातीत ओतलेली बॅटरी शेवटी आपल्याच विहिरीत येते.

बसवल्यावर मी पांढऱ्या मार्करनं बॅटरीच्या कडेवर तीन गोष्टी लिहितो: बसवल्याची तारीख, बंद असतानाचे व्होल्ट, चालू असतानाचे व्होल्ट. ट्रॅक्टर पंधरा दिवसांहून जास्त उभा राहणार असेल तर मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. मला किंवा दुसऱ्या कुणालाही फोन करायची वेळ आली तर आधी ते तीन आकडे वाचून दाखवा, आणि आज सकाळी मीटरवर किती आले ते सांगा.